आठ फुटांवरची मूठ

गेल्या मंगळवारी नगरपालिकेची दोन माणसं माझं घर मोजून गेली. मोजून गेली म्हणजे काय, एकाने काडेपेटीएवढं यंत्र भिंतीकडे धरलं, भिंतीवर लाल ठिपका उमटला, यंत्र 'टुक' वाजलं आणि दुसऱ्याने फोनमध्ये आकडा टिपला. चार खोल्या, चार मिनिटं. मी म्हटलं, "खिडकी उघडी आहे, ठिपका भिंतीवर पडलाय की पडद्यावर, तेवढं तरी बघा." तो म्हणाला, "आजी, मशीन चुकत नाही."

याच खात्यात मी तीस वर्षं काढली आहेत, हे अगदी जिभेवर आलं होतं. गिळलं. म्हातारीने जुनं काही सांगायला घेतलं की समोरच्याला घड्याळ आठवतं. मलाही त्या वयात आठवायचं. पण ती दोघं गेली आणि मला सव्वासहांची अशी काही आठवण आली की दुपारची झोप गेली ती गेलीच. तेव्हा लिहून टाकते. ज्याला घड्याळ बघायचं त्याने बघावं.

सव्वासहा हे त्यांचं टोपणनाव. उंची सहा फूट तीन इंच, म्हणून सव्वासहा. तोंडावर सगळे त्यांना दादा म्हणत. प्रत्येक दारातून जाताना मान वाकवावी लागे, त्यामुळे बघणाऱ्याला वाटे, किती नम्र माणूस. होतेही नम्र, पण त्यात चौकटींचाही वाटा होता.

आमचं काम असं: दर सहा वर्षांनी गावातलं प्रत्येक राहतं घर मोजायचं. किती खोल्या, किती लांब, किती रुंद, भिंत कशाची, घराचं वय काय, डागडुजी झालीय का. त्यावरून घराची किंमत ठरायची आणि त्या किमतीवर घरपट्टी बसायची. वसुली करणारे वेगळे, आम्ही नुसते मोजणारे. पण हा फरक लोकांना कोण समजावणार? शिव्या आमच्याच वाट्याला.

मी गणितात पदवी घेऊन या खात्यात लागले तेव्हा बावीस वर्षांची होते आणि खात्यातली पहिली बाई होते. कुणाला स्त्रियांना पुढे आणायचं होतं वगैरे काही नव्हतं. दुपारी घरी बायका एकट्या असतात, त्या परक्या पुरुषाला दार उघडत नाहीत, मग फेरी फुकट जाते. म्हणून टेपचं दुसरं टोक धरायला एक बाई हवी होती. दादा तेव्हा चाळिशीत होते. पहिल्या दिवशी मला वरपासून खालपर्यंत बघून म्हणाले, "गणितवाल्या ना? मग आधी मला मोजा."

ही कचेरीतली रीत होती. नव्याने येणाऱ्याने दादांना मोजायचं. दफ्तरखोलीच्या दाराच्या चौकटीवर जमिनीपासून बरोबर आठ फुटांवर पेन्सिलीची एक रेघ होती. दादा चौकटीला पाठ लावून उभे राहायचे, हात सरळ वर करायचे आणि मूठ वळायचे. मूठ रेघेला लागते की नाही यावर पैज. हरणाऱ्याने सगळ्यांना चहा पाजायचा. मी काही ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवणारी नव्हे. मी पोलादी टेपने रेघ तीनदा मोजली. तिसऱ्यांदा फरशी सपाट आहे का तेही पेला ठेवून बघितलं. मोठे बाबू, म्हणजे आमचे हेडक्लार्क, म्हणाले, "ही मुलगी चहा पाजेल, पण आधी चहाची खोली मोजेल."

मूठ रेघेला लागली. केसाचाही फरक नाही. मी अकरा जणांना चहा पाजला आणि त्या दिवसापासून माझं नाव 'कॉलेज' पडलं.

मुठीचं एवढं कौतुक कशाला, तर नियमामुळे. घरात वर माळा असेल आणि त्याचं छत आठ फूट किंवा त्याहून उंच असेल, तर ती खोली धरायची. आठच्या आत असेल, तर माळा. खोलीला पट्टी पुरी, माळ्याला पाव. आता लांबी-रुंदी कापडी टेपने मिळते, पण कापडी टेप काही वर उभी राहत नाही, आणि एकुलती पोलादी टेप कचेरीबाहेर न्यायची परवानगी नव्हती. उंचीसाठी खात्याकडे पितळी बिजागरांची एक लाकडी घडीची काठी होती. ती उलगडली की नऊ फूट व्हायची आणि वळवताना काही ना काही फोडायची. एका डॉक्टरीणबाईंच्या दिव्याचं काचेचं झाकण तिने फोडल्यावर तिला कपाटावर टाकून दिलं होतं. दादा म्हणत, "माझ्याजवळ चालती-बोलती काठी आहे, ती कशाला वाहायची?" ते माळ्यावर चढायचे, हात वर करायचे, मूठ वळायचे. मूठ टेकली की "माळा." मूठ आणि छत यांच्यात फट दिसली की "खोली." मी वहीत लिहायची. अक्षर माझं, शब्द त्यांचा. अठरा वर्षं एकाही माणसाने त्यावर हरकत घेतली नाही.

त्यांच्याबरोबर मी किती घरं पाहिली, त्याची गणती करायची तर आता उरलेलं आयुष्य जाईल. उंबऱ्याशी ते क्षणभर थांबायचे. मला वाटायचं दम खातायत. एकदा विचारलं तर म्हणाले, "आत काय चाललंय ते आधी ऐकावं. कुणी रडत असेल तर उद्या यावं." भिंतीवर बोटाच्या पेराने टकटक करून वीट की लाकडी पडदी, ते सांगायचे. घरात पाण्याखेरीज काही घ्यायचे नाहीत, आणि पाणीही पेला धुऊन परत द्यायचे. लोक खोल्या लपवायचे, त्यांचीही एक गंमतच. एका गृहस्थाने दारासमोर भलंमोठं कपाट सरकवून ठेवलं होतं आणि मागची खोली नाहीच म्हणून सांगत होता. दादांनी कपाटाला कान लावला आणि गंभीरपणे म्हणाले, "तुमचं कपाट बातम्या फार छान सांगतं हो." मागे त्याच्या सासऱ्यांचा रेडिओ चालू होता. गृहस्थ स्वतःच हसत कपाट सरकवायला लागला.

आणि चौकटींवरच्या खुणा. मुलांची उंची मोजून आईबापांनी पेन्सिलीने ओढलेल्या रेघा, शेजारी तारखा. अशी चौकट दिसली की हा माणूस काम विसरायचा. "बघ कॉलेज, इथे वर्षभर काहीच नाही. आजारी असणार. आणि इथे बघ, एकदम तीन इंच!" त्या रेघांवरून टेपची कडी घासत न्यायला मला सक्त मनाई होती. सहा वर्षांनी त्याच घरी गेलो की आधी चौकटीपाशी जायचे आणि घरच्यांनी सांगायच्या आधी खुशाली त्यांना कळायची.

अशा तीन फेऱ्या झाल्या. चौथी फेरी सुरू होती तेव्हा मी चाळिशीला टेकले होते आणि दादा निवृत्तीला. सतरा आठवडे उरले होते. तेव्हा शिवणवाली आली.

ती बाजारामागच्या गल्लीत राहायची. खाली एक खोली, खिडकीशी मशीन, उभा जिना आणि वर माळा. माळ्यावर तिची मुलगी झोपायची आणि परिचारिकेच्या परीक्षेचा अभ्यास करायची. हातात दोन कागद फडकवत शिवणवाली सरळ मोठ्या साहेबांच्या खोलीत शिरली. आम्ही दोघं तिथेच उभे होतो.

"साहेब, एक विचारू? माझा माळा वयात आला का?"

साहेब बदलीवर येऊन चारच महिने झाले होते. ते म्हणाले, "म्हणजे काय, बाई?"

"म्हणजे अठरा वर्षं कागदावर माळा होता, यंदा खोली झालाय. मुली वाढतात ते ठाऊक होतं. माळे वाढतात हे पहिल्यांदाच बघते."

मला हसू आलं. साहेबांना आलं नाही. त्यांनी जुन्या वह्या मागवल्या. तीन फेऱ्या माळा, चौथ्या फेरीत खोली, चारही नोंदी आमच्याच. साहेबांनी वही मिटली.

"यात दोनच गोष्टी संभवतात. एक तर बाईंनी परवानगी न घेता छप्पर उचललंय. तसं असेल तर माळा उतरवायची नोटीस काढावी लागेल."

"अहो, छप्पर उचलायला माझ्याकडे काय हत्ती आहे?"

"नाहीतर," साहेब तिच्याकडे न बघता म्हणाले, "आधी तीन वेळा कुणीतरी डोळेझाक केली. का केली, ते ज्याचं त्याला माहीत."

दादांचे कान लाल झाले. एवढ्या उंचावरचे कान लाल झाले की सगळ्या खोलीला दिसतात. "मी जाऊन बघतो," एवढंच म्हणाले.

"बघा. आणि सोमवारी लेखी द्या. यांचं खरं की तुमचं, ते एकदा ठरू द्या."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिच्या घरी गेलो. दादा उंबऱ्याशी थांबले, नेहमीपेक्षा जरा जास्तच. मग वर चढले. आधी त्यांनी वासे बघितले. खिळे गंजून लाकडाच्याच रंगाचे झाले होते, कौलांना वर्षानुवर्षं कुणी हात लावलेला नव्हता. "छप्पर हललेलं नाही," ते म्हणाले. शिवणवालीने मोठ्याने सुस्कारा सोडला. मग त्यांनी हात वर केला, मूठ वळली. मुठीच्या वर फट होती. अर्धा इंच असेल, पण फट ती फटच. त्यातून कौलाआडचा उजेड दिसत होता.

"खोलीच आहे," दादा हळूच म्हणाले.

"मग आधीचं?" मी विचारलं.

"आधी मी चुकलो असणार. तीनदा." त्यांनी हात खाली घेतला. "तसंच लिहून देतो. छप्पर हललेलं नाही, चूक माझी. म्हणजे बाईंना नोटीस लागणार नाही."

तसं लिहून दिलं की साहेब काय समजणार, गाव काय समजणार, हे त्यांना कळत नव्हतं थोडंच? तीस वर्षांत ज्याने कुणाच्या घरचा चहा घेतला नाही, तो माणूस निरोपाच्या तोंडावर स्वतःच्या सहीने स्वतःला लाचखाऊ ठरवायला निघाला होता.

शिवणवाली तेवढ्यात स्टुलावर चढली, गळ्यातली शिवणाची टेप छतापासून खाली सोडली आणि म्हणाली, "चौऱ्याण्णव इंच आणि वर अर्धा. शहाण्णव पाहिजे ना? दीड कमी आहे."

"तुमची टेप ताणलेली असणार, बाई. ताणलेली टेप कमी दाखवते," दादा म्हणाले. हे खरं आहे, कुठल्याही मोजणाऱ्याला विचारा. ती टेप गळ्यात टाकून स्टुलावरून उतरली. दादा जिना उतरून बाहेर गेले तसं तिने माझं मनगट धरलं.

"ताई, रागावू नका. तुमच्या दादांचा शर्ट बघितलात?"

"काय झालं शर्टाला?"

"दोनदा दुमडलाय. खालची जुनी शिवण उसवून वर घेतलीय, आणि तीसुद्धा उसवून पुन्हा वर. बाह्या तशाच आहेत, घेर तसाच आहे. पाय आटत नाहीत हो माणसाचे, माणूस कमरेच्या वर आटतो. आमच्या धंद्यात रोज दिसतं." तिने आवाज आणखी खाली आणला. "माझी टेप ताणलेली नाही, ताई. तुमची काठी झिजलीय."

रस्त्याने मी दादांच्या मागून, शर्टाच्या त्या दुमडीकडे बघत चालले. ते स्वतःच्याच विचारात होते.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी कपाटावरून ती पितळी बिजागरांची काठी काढली. तिच्यावर बोटभर धूळ. ती खांद्यावर टाकून भर बाजारातून गेले. लोक बाजूला होत होते. लढाईवर निघालेली बाई वाटत असणार. शिवणवालीच्या माळ्यावर काठी उलगडली. सात फूट साडेदहा इंच. चौऱ्याण्णव आणि वर अर्धा. त्या बाईची टेप बरोबर होती.

तिथून मी तडक दादांच्या घरी गेले. ते कचेरीत होते, वहिनी एकट्या होत्या. वहिनी जेमतेम पाच फूट. लग्नात त्यांची मैत्रीण म्हणाली होती म्हणे, "याच्याशी भांडायला शिडी लागेल तुला." मी आडवळणाने विचारायचं ठरवलं होतं. पण आडवळण मला कधी जमलंय?

"वहिनी, दादांचे शर्ट तुम्ही आखूड करता?"

त्यांनी हातातली सुरी खाली ठेवली. "कुणी सांगितलं?"

"करता की नाही?"

"चार वर्षं झाली. गुडघ्याला यायला लागले होते गं. ते झोपले की करते... म्हणजे दुपारचे, सुट्टीच्या दिवशी. त्यांना बोलू नकोस. उंचीचा केवढा अभिमान आहे त्यांना, तुला माहितीये ना?" मग जरा हसल्या. "पूर्वी शिडी लागायची. आता स्टूल पुरतं."

मी सगळं सांगितलं तेव्हा हसू गेलं. मग म्हणाल्या, "तर मग सांग. पण तू सांग. मी सांगितलं तर त्यांना वाटेल, हिला सगळं आधीच माहीत होतं." होतंच की, असं मी म्हटलं नाही. आयुष्यात गिळलेल्या मोजक्या वाक्यांपैकी ते एक.

आणि खरं सांगायचं तर दोष माझाही होता. ते हात वर करताना मी दर वेळी शेजारी उभी होते. गणिताची पदवी घेतलेली, पहिल्या दिवशी फरशीवर पेला ठेवून बघणारी मी अठरा वर्षांत पुन्हा एकदाही ती मूठ तपासली नव्हती, आणि गेली सहा-सात वर्षं भरती बंद, त्यामुळे ती मोजायला नवा माणूसही आला नव्हता. माणूस आवडायला लागला की मोजायचं राहून जातं.

सोमवारी मी अर्धा तास आधी कचेरीत गेले. दादा नेहमीप्रमाणे सगळ्यांच्या आधी आलेले होते. खिशात साहेबांना द्यायचा कागद होता, घडी वरून दिसत होती.

"दादा, जरा मूठ लावा."

"कशाला?"

"लावा म्हणते ना."

ते दफ्तरखोलीच्या चौकटीला पाठ लावून उभे राहिले. हात वर केला. मूठ वळली. मग मान वर करून बघितलं. मूठ आणि रेघ यांच्यामध्ये माझी दोन बोटं आडवी मावली असती.

ते खूप वेळ हात तसाच धरून उभे होते.

"दार वाढलंय," दादा म्हणाले.

"दादा."

"माळे वाढतात, तर दारं वाढायला काय झालं?" ते हसले, पण हात खाली घेतला तेव्हा तो दुसऱ्या हाताने धरून घेतला. मग टाचा टेकून, हनुवटी आत घेऊन पुन्हा एकदा केलं, लहान मुलं करतात तसं. दोन बोटं ती दोन बोटंच. मी काठीने रेघ मोजून दाखवली. आठ फूट. पूर्वी होती तिथेच.

ते दफ्तरांच्या गठ्ठ्यावर बसले. माझ्याइतक्या उंचीवर आले. "या फेरीत फट दिसली म्हणून खोली लिहिलेले किती?"

मला हा प्रश्न येणार हे माहीत होतं, मी मोजून ठेवले होते. "एकशे सदतीस."

"आणि सगळ्या चुका एकाच बाजूला," ते म्हणाले. "मी आटलो आणि लोकांची छतं उंच झाली. उलटा वाढलो असतो तर निदान लोकांचं तरी भलं झालं असतं."

मी जे म्हटलं ते लपवत नाही. मी म्हटलं, "शिवणवालीची नोंद आपण काठीने मोजून गुपचूप दुरुस्त करू. जुन्या तिन्ही नोंदी बरोबरच होत्या, तुमच्यावर काही येत नाही. बाकीच्यांची हरकतच नाही, तर कशाला उकरून काढायचं? सोळा आठवडे राहिलेत."

ते माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मीच कपाटामागे रेडिओ लपवला होता.

"एकीचंच दुरुस्त केलं तर ती मेहेरबानी झाली, कॉलेज. मेहेरबानी करणाऱ्याला साहेब काय म्हणतात ते परवा ऐकलंस ना? तेव्हा ते खोटं होतं. आता खरं होईल."

त्यांनी खिशातला कागद फाडला आणि दुसरा लिहायला बसले. तो मला अजून पाठ आहे, कारण त्याची प्रत मीच केली. 'खाली सही करणार याची उंची सेवेत रुजू होताना सहा फूट तीन इंच होती. ती आता सहा फूट दीड इंच भरते. हात वर नेण्यात आणखी अर्धा इंच गेला आहे. असे एकूण दोन इंच कमी झाल्याचे सदर इसमाच्या वेळेवर लक्षात आले नाही. सबब चालू फेरीत त्याने मुठीने मोजलेल्या सर्व माळ्यांची नोंद संशयास्पद धरावी व ते सर्व काठीने पुन्हा मोजण्याची परवानगी मिळावी. आधीच्या नोंदी बरोबर होत्या. बाईंनी छप्पर उचललेले नाही.'

साहेबांनी कागद एकदा वाचला. चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचला.

"अहो, असं लिहितात का कुठे? 'नजरचूक' लिहा ना, मी सोडून देतो."

"नजर ठीक आहे, साहेब," दादा म्हणाले. "उंची चुकली."

"हे सेवापुस्तकात जाईल. निरोपाला प्रशस्तिपत्र मिळायचं, ते मग नाही मिळणार. शेवटच्या वर्षात चूक नोंदलेली असली की देता येत नाही."

"नका देऊ."

साहेब कागदाकडेच बघत होते. दादांकडे बघितलं असतं तर मान वर करावी लागली असती. मग त्यांनी सही केली.

पुढचे चौदा आठवडे माझ्या सगळ्या नोकरीतले सर्वांत थकवणारे आणि, आता वाटतं, सर्वांत चांगले. एकशे सदतीस माळे. काठी दादा स्वतः वाहायचे, मला हात लावू द्यायचे नाहीत. दर घरी उंबऱ्याशी थांबून एकच वाक्य: "मागच्या खेपेला मी चुकीचं मोजलं. मी बुटका झालोय, आणि मला कळलं नाही." मला पहिल्यांदा ऐकताना लाज वाटायची. विसाव्या घरापर्यंत वाटेनाशी झाली. एक निवृत्त मास्तर अर्धा तास ओरडले आणि मग स्वतःची पाठ किती दुखते ते पाऊण तास सांगत बसले. एका म्हातारीने विचारलं, "वरच्या फळीवरचा डबा काढता येतो का अजून?" दादांनी काढून दिला. "मग पुरे आहेस," ती म्हणाली.

एक्काहत्तर माळे पुन्हा माळे झाले. सहासष्ट खरोखरच खोल्या होत्या, त्या खोल्याच राहिल्या. एक्काहत्तरावा माळा दादांचा स्वतःचा. त्यांनी स्वतःच्या घरीही मूठच लावली होती आणि स्वतःवरही पुरी पट्टी बसवली होती. मी काठी धरली, सात फूट अकरा इंच. वहिनी खालून म्हणाल्या, "म्हणजे आम्हीसुद्धा? बाई गं, या माणसाने घरचंही सोडलं नाही!"

शिवणवालीला दुरुस्तीचा कागद द्यायला आम्ही दोघं गेलो होतो. तिने तो वाचला, मशीनच्या खणात ठेवला आणि दादांना म्हणाली, "साहेब, निवृत्त झालात की या. दोनदा दुमडलेला शर्ट बघवत नाही मला. नव्याने माप घेते."

"येईन," दादा म्हणाले. "पण शिलाई देईन हं." शर्ट कुणी आणि कधी दुमडला, ते त्यांनी विचारलं नाही. तिथेही नाही आणि घरीही नाही, असं वहिनी सांगत.

ती कचेरी आता पाडली. नव्या इमारतीत काचेची दारं आहेत, त्यावर रेघ ओढायची सोय नाही. माझ्या स्वयंपाकघराच्या चौकटीवर मात्र नातवंडांच्या खुणा वर वर जातात, आणि एका बाजूला माझ्या, त्या खाली खाली येतात. सून म्हणते, रंग खराब होतो. होऊ दे. परवा त्या यंत्रवाल्याने याच चौकटीतून आत येऊन भिंत मोजली. खुणांकडे एकदाही बघितलं नाही.

दादांच्या शेवटच्या दिवशी भाषणं झाली, लांबली, संपली. प्रशस्तिपत्र नव्हतं. साहेब दोन वाक्यं बोलून आपल्या खोलीत गेले, तेव्हा मोठे बाबू माझ्या कानात पुटपुटले, "दगड आहे." लोक पांगायला लागले. दादा खण रिकामा करत होते. तेवढ्यात साहेब पोलादी टेप हातात घेऊन दफ्तरखोलीच्या दारापाशी उभे राहिलेले दिसले.

"इथे नव्या माणसाने तुम्हाला मोजायची रीत आहे म्हणे," ते म्हणाले. "मला येऊन आठ महिने झाले. मला कुणी सांगितलंच नाही."

सगळे थबकले. दादा हातातलं खाली ठेवून उठले.

"पैज असते, साहेब. चहाची."

"माहीत आहे. माझं म्हणणं, मूठ रेघेला लागते."

दादा हसले. मग चौकटीला पाठ लावून उभे राहिले, हात वर केला, मूठ वळली. साहेब खुर्चीवर चढले आणि टेप लावली.

"दोन इंच कमी," साहेब म्हणाले. "मी हरलो. चहा माझ्याकडून."

"छे, छे. हरली मूठ. मूठ माझी आहे," दादा म्हणाले. "कॉलेज, पेन्सिल दे साहेबांना. आहे तिथे खूण करा, आणि तारीख घाला."

साहेबांनी जुन्या रेघेच्या खाली नवी रेघ ओढली आणि शेजारी, मुलांच्या खुणांशेजारी लिहितात तशी, बारीक अक्षरात तारीख लिहिली. मग दादांनी चौदा चहा सांगितले, तीस वर्षांत पहिल्यांदा स्वतःच्या खिशातून. एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि पेल्यात बघितलं.

"काय झालं?" साहेबांनी विचारलं.

"काही नाही," दादा म्हणाले. "इतकी वर्षं फुकट पीत होतो म्हणून कळलं नाही. चहा फार पांचट असतो हो इथला."